उद्याचा हार

संतोष भैयांचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते. रायपूरला दादाच्या फुलांच्या दुकानाला लागूनच त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. इतक्या सकाळी ते कधी फोन करत नाहीत. "दीदी, माधव भैया नहीं रहे," ते म्हणाले. दुकानासमोर चहा पिता पिता दादा बसल्या जागीच कलंडला आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं... यावर माणसानं काय विचारावं? कधी, कसं, काहीतरी. माझ्या तोंडून निघालं, "हार गेला का?" भैया म्हणाले, "हव दीदी, हार तो पहुँचा के आए थे." आणि खोटं कशाला बोलू, मला आधी हायसं वाटलं. मग गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसले.

आमच्या घरात हे असंच होतं. आजोबा भंडाऱ्याकडून रायपूरला आले आणि बुढापारा भागात तळ्याच्या काठाशी फुलांची टोपली घेऊन बसू लागले. बाबा तेव्हा तान्हे होते. एका पावसाळ्यात ते तापाने असे फणफणले की वैद्यांनीही हात टेकले. आजोबांनी पुरानी बस्तीतल्या एका देवळात नवस बोलला, पोरगा वाचला तर रोज सकाळी माझ्या घरच्या हातचा हार. पोरगा वाचला, आणि तेव्हापासून हा नेम आमच्या मानगुटीवर बसला. हार त्याच सकाळच्या फुलांचा हवा, घरच्या माणसानेच गुंफलेला हवा आणि पहिल्या आरतीआधी पोचायला हवा. आदल्या संध्याकाळी करून ओल्या गोणपाटात ठेवलेला चालायचा नाही. पगारी माणसाचा तर नाहीच नाही. घरात सुतक असेल तेवढे दिवस नुसती सुटी फुलं पाठवायची, ती पुजारी ओवायचे. लग्न झालेली मुलगी मात्र परक्या घरची, तिची या नेमातून सुटका. टोपलीची टपरी झाली, टपरीला पुढे शटर लागलं, पण आमच्या घरातले सगळे मिळून कधीच गावाला गेले नाहीत. जगन्नाथपुरीला जायचं म्हणून आईने एक ट्रंक घेतली होती, ती रंगसुद्धा न उडता माळ्यावर तशीच राहिली.

दादाला फुलांची आवड नव्हती, हे पहिल्यांदा लिहून टाकते, कारण श्रद्धांजलीच्या वेळी जो तो उलटंच सांगत होता. फुलांच्या ओल्या वासाने त्याचं डोकं दुखायचं. त्याला रेषांची आवड होती. आयटीआयमधून तो ड्राफ्ट्समन झाला आणि बाबांच्या मागे लागून त्याने एक ड्रॉइंग बोर्ड घेतला, चांगला गुळगुळीत, हात फिरवावा असा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की फुलं बांधायच्या वर्तमानपत्रांवर तो जिने काढत बसायचा. वर जाणारे, वळणारे, दोन खोल्यांना जोडणारे. मी विचारायची, एवढे जिने कुठे जातात रे? म्हणायचा, "बाहेर." त्याला भोपाळच्या एका सरकारी कार्यालयातून नोकरीचा कागद आला तेव्हा भोपाळच आमची राजधानी होती. त्या दिवशी त्याने अख्ख्या ओळीतल्या दुकानदारांना जिलेबी वाटली. रुजू व्हायला दीड महिन्याची मुदत होती. आणि पंधरा दिवसांत बाबा अंथरुणाला खिळले.

आता जे लिहिते आहे ते मी परवापर्यंत कोणालाच, नवऱ्यालाही, सांगितलेलं नव्हतं. बाबांच्या शेवटच्या दुपारी मी एकटीच त्यांच्या उशाशी होते. दादा दुकानात होता, आई शेजारच्या खोलीत, गुडघे धरल्यामुळे तिला उठता यायचं नाही. बाबांनी माझं मनगट धरलं. "सुधा, तो नेम माया जिवापुरता होता," ते म्हणाले. "मायासंगंच सरला. माधवले सांगजो. दुकान इकून टाक म्हना, आईले घे आन् जाय भोपाळले." मी मान हलवली. संध्याकाळी बाबा गेले. तेव्हा दादाच्या मुदतीचे वीस दिवस उरले होते.

मी सांगितलं नाही. माझं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी आधीच बजावलं होतं की माघाच्या पुढे आम्ही थांबणार नाही. दुकान विकून दादा आईला घेऊन गेला असता तर भोपाळला बिऱ्हाड मांडण्यातच सगळा पैसा गेला असता, त्या वर्षी माझं लग्न होणं शक्य नव्हतं, आणि पुढल्या वर्षी तो मुलगा माझ्यासाठी थांबला नसता. मला त्या घरातून, त्या ओल्या गोणपाटांतून सुटायचं होतं. मी मनाशी म्हटलं, सुतक फिटलं की सांगू. मग म्हटलं, एकदा अक्षता पडल्या की सांगू. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दादा फुलं घेऊन बसला आणि मी त्याला चहा नेऊन दिला, एवढंच. मुदत संपली त्या दिवशी त्याने ड्रॉइंग बोर्ड उचलून दुकानात नेला, दोन स्टुलांवर आडवा टाकला, त्याच्या कडेला हाराचा दोरा अडकवायला एक खिळा ठोकला आणि त्यावर झेंडू निवडायला लागला. मी पाहत होते. तो खिळा ठोकायचा आवाज मला नागपुरातही कधीमधी ऐकू येतो.

लग्न नागपूरला झालं. दादा पहाटे हार पोचवून गाडीत बसला, मंगलाष्टकांना कसाबसा पोचला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जेवणाआधी परतीची गाडी धरायला निघाला. नेम ना, म्हणाला. माझ्या सासरच्यांना त्याचं केवढं कौतुक... मी बोहल्यावर मान खाली घालून उभी, आणि लोक म्हणत होते, बघा, भावासाठी कशी रडते.

पुढल्याच वर्षी राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं. दादाबरोबर आयटीआयत असलेला दिलीप भोपाळला नोकरीला लागला होता, त्याची बदली इकडे झाली. तो एकदा कार्यालयाच्या कार्यक्रमासाठी हार घ्यायला आला तेव्हा मी माहेरी होते. दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "माधव, तू राजधानीत जाणार होता ना? आता राजधानीच तुया दुकानासमोर येऊन राहिली." सगळ्यात जास्त वेळ दादाच हसला. मग दिलीपच्या हारांमध्ये दोन हार जास्त घातले. त्या वर्षांत दुकान असं चाललं की आजोबांनी स्वप्नातही पाहिलं नसेल. शपथविधी, उद्घाटनं, भूमिपूजनं, रोज कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात हार. टोपल्यांऐवजी भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट अड्ड्यावरून फुलांच्या पेट्या यायला लागल्या. व्यासपीठाच्या फुलांच्या कमानी दादा आधी कागदावर मापात काढायचा, इतक्या नेटक्या की मांडववाले हसायचे, भैया, परसों तो उखाड़नी है. शहराबाहेर नवी राजधानी उभी राहिली तेव्हा टेम्पोत फुलं घालून तो तिथपर्यंत जायचा. तेवढाच त्याचा परदेश, आणि तिथूनही घाईघाईने घरी, खिळ्याला उद्याचा दोरा बांधायला.

त्याने लग्न केलं नाही. दोन-तीन स्थळं आली, पण नवऱ्याला एक रात्रसुद्धा गाव सोडता येणार नाही म्हटल्यावर मुलीकडचे फिरकले नाहीत. त्याला कुठलीही गोष्ट सुचवली की एकच उत्तर, "उद्याचा हार होऊ दे, मंग पाहू." डोळे दाखवून घे, उद्याचा हार होऊ दे. आमच्याकडे चार दिवस ये, उद्याचा हार होऊ दे. मला त्या वाक्याचा इतका राग यायचा की मी फोन आपटायची. राग कशाचा येतो हे मला पुरतं ठाऊक होतं.

आई गेली तेव्हा मी ठरवून गेले होते की आता सांगायचंच. आता दादाला कोणीच धरून ठेवलेलं नव्हतं. विसाव्या दिवशी दुपारी त्याच्यासमोर बसले. तो बोर्डावर शेवंती निवडत होता. बोर्ड एव्हाना पाण्याने फुगला होता, मधोमध हळदीसारखा पिवळा पडला होता. आडून विचारलं, "दादा, नेम सोडला तर काय होईल?"

त्याने मान वर केली नाही. "होईल काय? काहीच नाही होणार," तो म्हणाला. "पण मंग मी इतके दिवस काहून बसलो, हे मले कोण सांगन?"

बाबांचे शब्द त्याच्या हातात देणं म्हणजे त्याच्या सगळ्या पहाटा त्याच्यासमोर ओतून या फुकट गेल्या म्हणणं. मी शेवंतीची देठं खुडायला घेतली. नंतर त्याने मला मुगाचे भजे आणून खायला घातले. त्याला काही कळलं होतं का? मी त्याचा तो चेहरा पुन्हा पुन्हा आठवून पाहते आणि मला काही दिसत नाही.

आता तो जाऊन दोन महिने झाले. मी तीन दिवसांसाठी रायपूरला आले, ती अजून इथेच आहे. लग्न झालेल्या बहिणीला सुतक तीन दिवसांचं, म्हणून चौथ्या दिवशी पहाटे मी हार गुंफला आणि भीत भीत पुजारी महाराजांना विचारलं, मी परक्या घरची, चालेल ना? ते म्हणाले, "बेटी तो बेटी है, ये किसने कहा तुमसे?" म्हणजे माझी सुटकाही आमच्याच घराने ठरवलेली होती. परवा मी महाराजांना बाबांचं बोलणं सांगून टाकलं. सगळं, वीस दिवसांसकट. म्हाताऱ्याने हातातलं तबक खाली ठेवलं. मग म्हणाला, "मन्नत तो कब की पूरी हो गई, बेटी. कल से मत लाना." मी हव म्हटलं. दुसऱ्या दिवशी आरतीआधी हार घेऊन दारात उभी राहिले. महाराजांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने हात पुढे केला. मी हार थांबवला तर दादाच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागेल, आणि ते माझ्याजवळ आहे.

काल मुलाचा फोन आला. दुकान विकत घ्यायला गिऱ्हाईक मिळालं आहे. मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो, आमचं तसंच चालतं. "मम्मी, अब आ जाओ," तो म्हणाला. "पापा अकेले हैं. कब आ रही हो, बताओ."

"येते रे," मी म्हणाले. "उद्याचा हार होऊ दे, मंग पाहू."

मी फोन कानाला लावून तशीच बसून राहिले. समोर दादाचा बोर्ड होता, खिळ्याला उद्यासाठी दोरा बांधलेला होता, आणि तो मीच बांधला होता.