झाकलेली नाकं

मुलांनो, आज जुनी लुगडी उन्हात घालताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि पंचवटीतली एक दुपार आठवली. आणीबाणीच्या थोडं आधीची.

आमच्या गल्लीतल्या देवळात श्रावणात बायकांसाठी पुराण चाले. वनवासातल्या राजपुत्राला स्वतःहून लग्नाचं विचारणाऱ्या राक्षसीचं नाक कापलं, ती कथा इथलीच. ती सुरू झाली की बायका पदराने नाक-तोंड झाकून घेत. न झाकणारीच्या घराची अब्रू जाते, असं मानत.

माझी नणंद कुसुम हिला सातपूरच्या कारखान्यातल्या एका फिटरशी लग्न करायचं होतं. तसं तिनेच घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला चांदवडला मामाकडे धाडून भलतीकडेच उजवायचं ठरलं होतं. त्याआधी सासूबाईंनी तिला मुद्दाम कथेला आणलं.

"बाईनं तोंडानं मागितलं की असं होतं," पुराणिकबुवा म्हणाले. पदर वर गेले, ठेवणीतल्या लुगड्यांचा डांबरगोळ्यांचा वास पसरला. मी वळून पाहिलं. सगळीकडे नाक नसलेले चेहरे, नुसते डोळे, आणि सगळे कुसुमवर रोखलेले.

"झाक गं नाक," सासूबाई पुटपुटल्या.

"माझं जागेवर आहे, आई." ती उभी राहिली.

तेवढ्यात त्या पदरांमधून खोल, घोगरा आवाज आला, "जा पोरी, मागे वळू नकोस."

कोण बोललं ते कळेना. तोंड कुणाचंच दिसत नव्हतं. कुसुम निघाली, ती थेट सातपूरला.

तेव्हा मला वाटलं, ती राक्षसीच बोलली. आता वाटतं, तो आवाज अगदी माझ्या शेजारून आला होता. तिथे सासूबाई बसल्या होत्या.