रुपरावांच्या मापाचं धनुष्य

रुपराव काळबांडे माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. शनिवार होता. मिरवणुकीमुळे नागपुरातले निम्मे रस्ते बंद, ऑटोवाले भलतेच भाव सांगून राहिलेले, आणि हा माणूस सावनेरच्या पुढच्या खेड्यातून तीन गाड्या बदलून बेसापर्यंत पोचला. चपला बाहेर काढून आत आला. माझ्या दुकानात चपला कोणी काढत नाही.

तिरंदाजीच्या सामानाचं दुकान आहे माझं. तीस वर्षं शाळेत खेळाची शिक्षिका होते. रिटायर झाल्यावर घरात बसून सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यापेक्षा हे बरं, म्हणून सुरू केलं. मागे वीस मीटरची अरुंद जागा आहे, तिथे टारगेट लावून धनुष्य चालवून पाहता येतं. मदतीला मयुरा आहे, कोराडीच्या कॉलनीतली पोरगी, स्वतः राज्य पातळीवर खेळलेली. सगळे मला तारा मॅडम म्हणतात. तोंडाची फटकळ म्हणून माझं नाव आहे, पण ते पोरांपुरतं. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, आणि हे सगळं त्यातूनच झालं.

"धनुष्य पाह्यजे," रुपराव म्हणाले. "चाकवालं."

चाकवालं म्हणजे कंपाउंड. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यामुळे दोरी ओढताना आधी जोर लागतो आणि शेवटी तो जोर एकदम सुटतो, म्हणून नेम धरून निवांत उभं राहता येतं. मी विचारलं, कोणासाठी? म्हणाले, पुतणीसाठी. भूमिका तिचं नाव, कॉलेजात खेळते.

"मग तिला घेऊन या. धनुष्य चपलेसारखं असतं, ज्याचं त्याच्या मापाचं. तिचे पसरलेले हात मोजावे लागतील."

त्यांनी खिशातून सुतळी काढली. दोन टोकांना दोन गाठी. "हे घ्या. मोजून आणली."

मी टेप लावला. एकोणसत्तर इंच. मी त्यांच्याकडे पाहिलं, म्हटलं, जरा भिंतीला टेकून हात पसरा. बिचारे पसरून उभे राहिले. एकोणसत्तर इंच.

"ती माह्यावरच गेली आहे," ते म्हणाले. मागे मयुरा खोकल्याचं नाटक करून राहिली होती.

पण खोटेपणा हातांपेक्षा प्रश्नांनी उघडा पडला. खेळणारी पोरं विचारतात, धनुष्य लांब आहे का, स्थिर राहतं का, स्पर्धेत चालतं का. रुपरावांनी विचारलं, सुटताना आवाज किती येते? बसून ओढता येते काय? हे चकचकीत आहे, काळं मिळन काय? आवाजाची काळजी कोणाला, सांगा. टारगेट काही आवाज ऐकून पळत नाही.

म्हणजे शिकार. मला पाच मिनिटांत कळलं होतं. धनुष्यानं रानातला जीव मारणं गुन्हा आहे, हेही मला माहीत होतं, आणि दुकान चालवणाऱ्या बाईनं त्याच क्षणी काय म्हणायला पाहिजे तेही माहीत होतं.

मी म्हटलं, "तुमच्या मापाचं मागवावं लागेल. पुढच्या शनिवारी या."

नागपुरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. 'पाहून सांगतो', 'मागवावं लागेल', 'पुढच्या हप्त्यात या' हे ऐकलं की माणूस समजून घेतो आणि परत येत नाही. कोणाची इज्जत जात नाही. रुपराव पुढच्या शनिवारी सकाळी दहाला हजर झाले, हातात ओल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी.

म्हटलं पार्सल कलकत्त्यात अडकलं. ते म्हणाले, दूर आहे, वेळ लागनच. आणि जायच्या ऐवजी मागे जाऊन दुसऱ्यांचा सराव पाहत बसले. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नुसतं कसं बसवायचं, म्हणून मी त्यांना शिकायचं एक हलकं धनुष्य दिलं. त्यांनी ते आधी कपाळाला लावलं. कसं उभं राहायचं ते मयुरानं दाखवलं, आणि चौथा बाण पिवळ्यात, म्हणजे टारगेटच्या अगदी मधल्या वर्तुळात, गेला.

पंचावन्न वर्षांचा माणूस, डोक्याला दुपट्टा, पायजम्याची घडी वर केलेली, आणि हात असा स्थिर की माझ्या कॉलेजच्या पोरांनी बघत राहावं. श्वास कधी सोडायचा ते कोणी सांगितलं नव्हतं, तरी बरोबर सोडत होते. टारगेटमधून बाण काढताना एक हात टारगेटवर ठेवायचे आणि हळूच काढायचे. मी विचारलं, एवढं नाजूक काय करता? म्हणाले, "उद्या दुसऱ्याले मारायचा आहे ना त्याच्यावर."

मला हा माणूस आवडला, मी ते लपवत नाही. माझ्या मनात आलं, याला टारगेटचा नाद लावू. वयस्कांच्या स्पर्धा असतात, तिथे उतरवू. शिकार विसरून जाईल. शिक्षकाला वाटतंच, की समोरच्याला वळण लावता येतं. तीस वर्षं पोरांवर चाललं ते इथेही चालेल असं मी धरून चालले.

तिसऱ्या शनिवारी म्हटलं, आलं, पण डावखुऱ्याचं आलं, परत पाठवलं. त्यांनी मान हलवली. त्याच दिवशी त्यांनी खरं सांगितलं. पुतणी बितणी नाही. मागच्या वर्षी कापूस वेचताना त्यांच्या बायकोला, प्रेमिलाबाईंना, रानडुकरानं मांडीत फाडलं. तेवीस टाके पडले. बाई जगली, पण तेव्हापासून वावरात पाय टाकत नाही.

"तोच डुक्कर आहे, मॅडम. त्याचा एक कान फाटेल आहे. आताही येते." ते टारगेटकडे बघून बोलत होते. "घरात बसून राह्यते ती. सण असो का काही असो. तिले म्हणलं, वेचणीच्या आधी मी त्याले संपवतो, मंग तू चाल. मले तो एकच मारायचा आहे. दुसऱ्या कोणाले हात नाई लावत."

तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं. बोलणं सोपं होतं: रुपरावजी, हे बेकायदा आहे, मी देणार नाही, तुम्ही वनखात्याकडे अर्ज करा. तीन वाक्यं. आणि बाण लागला तरी डुक्कर जागच्या जागी पडत नाही, जखमी होऊन उलटतं, हेही सांगायला पाहिजे होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी नक्की."

"मॅडम, त्यांना सांगून टाका ना," ते गेल्यावर मयुरा म्हणाली.

"सांगते गं. त्यांचं मन दुखवून काय मिळणार आहे? वेचणी सुरू झाली की आपोआप विसरतील."

"ते नाही विसरत. ते वाट पाहून राहिले आहेत."

मी तिच्यावर खेकसले. खरं बोललेलं माणसाला झोंबतं.

चौथ्या शनिवारी देवानंच वाचवलं असं मला वाटलं. पितृपक्ष लागला होता. म्हटलं, पितरांच्या पंधरवड्यात नवीन वस्तू कशाला घेता? रुपराव खुश झाले. "बराबर आहे. दसऱ्याले घेतो, शस्त्र म्हणून पूजाही होईन." मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे सांगताना आता लाज वाटते. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी पुन्हा पार्सल अडकवलं. ते तरीही तासभर सराव करून गेले. त्या दिवशी वीस मीटरवर त्यांचे सहाच्या सहा बाण पिवळ्यात होते. जाताना म्हणाले, आता फक्त धनुष्य यायचं बाकी आहे.

दसरा झाला. त्यानंतरच्या शनिवारी ते आले नाहीत, पुढच्याही नाही. मी निर्धास्त झाले. मयुराला म्हटलंही, बघ, विसरले.

दिवाळीनंतरच्या शनिवारी सकाळी रुपराव दारात उभे. सोबत एक बारीक अंगाची बाई, चालताना एक पाय ओढणारी. प्रेमिलाबाई त्याच. रुपरावांचा उजवा हात मनगटापासून पट्ट्यांत गुंडाळलेला होता. चपला काढायला त्यांना वेळ लागला.

मी खुर्ची दिली. काय झालं हे विचारायची हिंमत होत नव्हती, त्यांनी स्वतःच सांगितलं. दसऱ्यानंतर कापूस फुटला. वेचणीला बाया मिळेनात. प्रेमिलाबाईच म्हणाल्या, मी येते. वर्षभरानं पहिल्यांदा. रुपराव काठी घेऊन त्यांच्यापुढे चालले होते. दिवसाढवळ्या, सकाळचे नऊ. कापसाच्या पऱ्हाटीतून डुक्कर निघालं ते सरळ बाईवर. रुपराव मधे गेले आणि हात पुढे केला. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं.

"कान फाटेल होता काय ते पाह्यलं नाई," ते म्हणाले. "घाईत राह्यलं."

प्रेमिलाबाई जमिनीकडे पाहत होत्या.

"मी माफी मागाले आलो, मॅडम. माह्यासाठी तुम्ही एवढं मागवून ठेवलं, कितीदा परत पाठवलं. आता मले ते ओढता येत नाई. दुसऱ्याच्या मापाले बसत असन तं देऊन टाका. तुमचा माल अडकून राह्यला माह्यामुळे."

मी कपाटातल्या धनुष्यांकडे पाहत बसले.

ते पुढे बोलत होते, सहज, गावची बातमी सांगावी तसं. पोळा झाल्यावर ग्रामपंचायतीत वनखात्याचा माणूस आला होता. डुकरांचा त्रास असेल त्यानं अर्ज द्या म्हणाला. गावातल्या चौघांनी दिला. त्या चौघांच्या वावरात बंदूकवाला येऊन गेला, दोन डुकरं पाडून गेला. "माह्या वावराकडे नाई आला, माहा अर्जच नव्हता. सरपंचानं म्हटलं होतं, रुपराव, लिहून दे. मी म्हणलं, काही गरज नाई, माहं धनुष्य येऊन राह्यलं नागपूरवरून."

मागे मयुरा बाणांना पिसं चिकटवत होती, तिचा हात थांबला.

"रुपरावजी," मी म्हटलं, "धनुष्य कधी मागवलंच नव्हतं."

त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. देणारच नव्हते. पार्सल, कलकत्ता, डावखुरं, सगळं खोटं. तुमचं मन मोडू नये म्हणून. बोलताना मला माझंच ऐकू येत होतं आणि ते भयंकर वाटत होतं.

प्रेमिलाबाईंनी मान वर केली.

"मंग पहिल्या दिवशीच नाई काहून नाई म्हटलं वं बाई?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तो शनिवारी शनिवारी येऊन मले सांगे, मॅडम लय चांगल्या आहेत, पुढच्या हप्त्यात देऊन राह्यल्या. मी त्याच्या भरोशावर वावरात गेली."

मी रडले. दुकानात, गिऱ्हाईकांसमोर, साठीची बाई. त्यानं कोणाचं काही भलं झालं नाही. प्रेमिलाबाईंनी मला पाणी आणून दिलं नाही, आणि बरोबर केलं.

मग रुपराव म्हणाले, "कागद आहे काय? अर्ज लिहून द्या. माह्यानं लिहिणं होत नाई."

मी वही काढली. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. नाव, गाव, सर्वे नंबर, एक कान फाटलेलं मोठं डुक्कर, बायकोच्या मांडीचे टाके, स्वतःचा हात. सराव करताना जसे स्थिर उभे राहायचे तसेच सांगत होते, एकही शब्द मागे घेतला नाही. शेवटी मी तारखेची जागा सोडून वर पाहिलं.

"तारीख मारबतीच्या दिवसाची टाकता येईन काय?" त्यांनी विचारलं. "आलो तं मी तेव्हाच होतो."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वाटत होतं, की मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांना जमेल. मयुरा माझ्याकडे बघत होती. प्रेमिलाबाईही.

"नाही," मी म्हटलं आणि आजची तारीख टाकली.

रुपरावांना मी म्हटलेलं ते पहिलं 'नाही' होतं. त्यांनी मान हलवली, पेन डाव्या हातात घेतला आणि आजच्या तारखेखाली सही केली.