घासलेला कुकर

माझ्या मावशीला घरात सगळे चकचकीत म्हणतात, अगदी तोंडावर. जन्मभर तिनं दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांची हत्यारं उकळून पुसून ठेवली आणि घरी येऊन पुन्हा भांडी घासली. काका म्हणायचे, हिच्या हाताला लागला तर ही सूर्यसुद्धा घासून परत टांगेल. ती हसायची आणि काकांच्या हातातला अर्धा प्यायलेला कप धुवायला काढून घ्यायची.

मग तो कुकर फुटला. हौसेनं घेतलेला, अजून वॉरंटीतला. बटाटे उकडायला ठेवले होते. वाफ जास्त झाली की आधी सेफ्टी व्हॉल्व्ह उडायला हवा, झाकण जागचं हलायला नको. इथे व्हॉल्व्ह ढिम्म बसून राहिला आणि अख्खं झाकणच उडालं. मावशीचा डावा डोळा गेला. गेला म्हणजे गेलाच.

काकांनी कंपनीवर केस टाकली. वकीलबाई दहादा बजावून गेल्या होत्या, कंपनीचा माणूस आणि आपला तज्ज्ञ एकत्र बघेपर्यंत कुकरला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. काकांनी तो पोत्यात बांधून गॅलरीत ठेवला. मावशी सगळ्याला हो हो म्हणाली. तपासणीच्या दिवशी सकाळी काका वकीलबाईंना आणायला गेले, परत येऊन बघतात तर कुकर आणि झाकण ओट्यावर पालथं घातलेलं, आरशासारखं लख्ख. व्हॉल्व्ह, शिट्टीची नळी, सगळं सुई घालून साफ केलेलं. डोळ्यावर पट्टी असताना.

"परकी माणसं येणार," मावशी म्हणाली. "त्यांच्यापुढे खरकटं भांडं ठेवू?"

काकांनी गॅलरीतलं रिकामं पोतं उचलून आणलं आणि तिच्यापुढे धरलं.

कंपनीच्या वकिलाला आयतंच फावलं. तो कोर्टात म्हणाला, नळीत आणि व्हॉल्व्हमध्ये अन्न अडकलेलं असणार, बाई भांडं नीट धूत नसाव्यात. माझी मावशी, भांडं धूत नसावी! मी मागे बसले होते, मला ओरडावंसं वाटलं, अहो ती धुते म्हणूनच तर तुम्ही सुटताय.

मग तडजोडीचा निरोप आला. काही रक्कम देतो, फक्त वापरताना निष्काळजीपणा झाला असं लिहून द्या. वकीलबाई म्हणाल्या घेऊन टाका, आपल्या हातात दुसरं काही नाही. काका तर गयावया करायला लागले, उपचार अजून चालूच होते. मावशीनं उरलेल्या डोळ्यानं तो कागद दोनदा वाचला.

"डोळा गेला तो गेला," ती म्हणाली. "मी घाणेरडी आहे यावर सही नाही करणार."

गेल्या आठवड्यात केस हरलो. पुरावा अपुरा म्हणे. त्याच कंपनीचा तसलाच कुकर आमच्या कॉलेजसमोरच्या दुकानात काचेत मांडलाय, वर तवा फुकट.

काल मावशीकडे गेले होते. माझ्या हातून चहाचा कप पडला, कान तुटला. मी तुकडे नळाखाली धरायला गेले तर तिनं माझं मनगट घट्ट पकडलं. धुऊ नकोस, म्हणाली. चहाच्या डागांसकट तिनं ते तुकडे पिशवीत घातले, गाठ मारली आणि कपाटात ठेवले. आत अशा बऱ्याच पिशव्या होत्या. एकीत काळा पडलेला बल्ब, एकीत मिक्सरचं तडकलेलं भांडं, आतल्या वाटणासकट. कपाटातून कुबट वास येत होता.

काका दारात उभे राहून बघत होते. त्यांनी काही विनोद केला नाही.