ज्यात कुणाची लेक मरत नाही

अक्का गेल्यावर तीन वर्षांनी माय अक्षरं शिकली. गावात बायकांसाठी प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला होता, दुपारी मारुतीच्या देवळात भरायचा. माय कोकरं शेजारणीच्या हवाली करून तिथं जाऊन बसायची. मी तेव्हा परभणीला नर्सिंग शिकत होते. सुट्टीत घरी आले की ती चुलीपुढच्या राखेत बोटानं शब्द लिहून मला दाखवायची आणि चुकला असेल तर मी सांगायच्या आधीच पुसून टाकायची.

एकदा मी विचारलं, "तुला पुस्तक आणू का? कसलं आणू?"

तिनं बराच विचार केला. म्हणाली, "मोठ्या अक्षराचं आन." आणि थोड्या वेळानं, "आन् ज्याच्यात कुनाची लेक मरत न्हाई, असं."

मला नंतर कळलं. वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट वाचली होती. तिच्यातली सून विहीर जवळ करते. माय मधेच उठून घरी निघून आली होती.

अक्का माझी मोठी बहीण. तिला पूर्णेला दिली होती. नवरा रेल्वेत गँगमन. आमच्या मेंढरं राखणाऱ्या घरात पगारी जावई आला म्हणून वडील वर्षभर ताठ मानेनं हिंडत होते. दोन वर्षांत अक्का दोनदाच माहेरी आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा परत जायच्या दिवशी ती शेळीचं दूध काढायला बसली आणि उठेचना. आचळात थेंब उरला नव्हता, तरी तिचे हात थांबत नव्हते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पूर्णेच्या बाजाराहून आलेल्या एका बकऱ्यांच्या व्यापाऱ्यानं निरोप आणला. "तुमच्या लेकीनं सांगितलंय, मायला एकडाव लावून द्या." दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला आणि एसट्या बंद झाल्या. नदीपलीकडच्या गावात बौद्धवाड्यातली घरं जाळली, त्याचा धूर आमच्या माळावरून दिसत होता. आमच्या गावचे काही जण तेव्हा घरी नव्हते. सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

वडील म्हणाले, "गाड्या चालू झाल्या की जाऊ." माय रोज फाट्यावर जाऊन उभी राहायची. नवव्या दिवशी एसटी आली. तिच्यातून जावयाचा चुलतभाऊ उतरला. स्टोव्हचा भडका उडाला म्हणाला. सगळं उरकून दोन दिवस झाले होते. अपघात म्हणून कागदही झाला होता.

तर अशा मायसाठी मला पुस्तक घ्यायचं होतं. परभणीत स्टेशनच्या रस्त्याला जुन्या पुस्तकांचं एक दुकान होतं. एक म्हातारे चाचा ते चालवायचे. मी लागोपाठ तीन रविवार तिथं गेले. उभ्या उभ्या पानं चाळायचे. एका कादंबरीत तिसऱ्याच प्रकरणात पोरगी तापानं जायची. एकीत बाळंतपणात जायची. परीकथा घेतल्या तर त्यांत सावत्र आई. देवादिकांच्या गोष्टींतही कुणाची ना कुणाची लेक अग्नीत शिरलेली.

तिसऱ्या रविवारी चाचा वैतागले. "बेटा, सगळं दुकान हितंच वाचून काढायलीस का? पायजे तरी काय?"

मी सांगितलं.  मग उठून त्यांनी स्वयंपाकाचं पुस्तक काढून दिलं. "ह्याच्यात कोन मरत न्हाई."

वेष्टनावर निळ्या ज्योतीचा स्टोव्ह होता. मी ते उलटं करून खाली ठेवलं. का ते त्यांना कळलं नसावं, पण त्यांनी विचारलं नाही. शेवटी खालच्या गठ्ठ्यातून त्यांनी लहान मुलांसाठीचं एक जुनं पुस्तक ओढलं. आपल्या जिल्ह्याचा भूगोल. ठळक अक्षरं, नद्या, पिकं, जत्रा, रेल्वे. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितलं. कुणी मरत नव्हतं. त्यात माणसंच नव्हती.

मायनं ते दोन्ही हातांनी घेतलं. त्या दुपारी ओसरीवर बसून तिनं मोठ्यानं वाचलं, "ये-ल-द-री." धरणाच्या चित्रावरून हात फिरवला. पुढं पोखर्णीच्या नरसिंहाचं नाव सापडलं तेव्हा ती चक्क हसली. "आपला देव पुस्तकात हाय!" वडील अंगणात लोकर कातत होते, त्यांनाही तिनं ऐकवलं. अक्का गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जमलं.

शेवटच्या पानावर नकाशा होता. तिनं नकाशा कधी बघितला नव्हता. मी समजावून सांगितलं. आमचं गाव छापलेलं नव्हतं, मी पोखर्णीशेजारी पेनानं ठिपका काढला.

"आन् पूर्णा?"

मी दाखवलं. तिनं दोन्हींच्या मधे बोटं ठेवली. दोन बोटं बसली.

"एवढंच?"

"नकाशात तेवढं दिसतं, माय. खरं लांब आहे."

"कोस किती व्हतेत?"

"बारा-तेरा असतील."

ती बोटं काढेना. "दिवाळीच्या मागून मेंढरं घेऊन ह्याच्या दुप्पट जातो आमी," ती म्हणाली. "लेकरं कडेवर घेऊन गेलेव. आन् तवा मी गाडीसाठी थांबले."

अंगणात वडिलांची चाती थांबली होती.  

महिन्याभरानं घरी आले तेव्हा वडील म्हणाले, "तुझी माय चालत पूर्णेला जाऊन आली." कुणाला न सांगता, भाकरी बांधून ती निघाली होती. दीड दिवस लागला. रेल्वेच्या क्वार्टरात विचारत विचारत जावयाचं घर तिनं शोधलं. जावई कामावर होता. दारात त्याची नवी बायको होती.

"लय बारीक पोरगी हाय," माय मला सांगत होती. "सतरा वर्साची आसंल नसंल. मावशी म्हनली मला. पानी दिलं, सावलीत बसवलं. कुनाकडं आलाव म्हनली. म्हनलं, कुनाकडं न्हाई."

"मग?"

"माहेराचं गाव विचारलं. माय कवा आलती म्हनलं. तर म्हनली, लगीन झाल्यापून आलीच न्हाई."

मायनं मला पोस्टकार्ड आणायला सांगितलं. लिहिणार मात्र स्वतः. दोन दिवस पाटीवर गिरवून तिनं कार्डावर लिहिलं : तुमच्या लेकीला भेटायला जा. लौकर जा. त्या मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. म्हणून पत्त्यावर मी लिहिलं, 'पूर्णेला दिलेल्या मुलीच्या आईस', आणि खाली तिच्या माहेरच्या गावाचं नाव. असं कार्ड पोचतं का, मला माहीत नव्हतं. माय पोस्टमनला विचारत राहायची. उत्तर आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं मलाच पूर्णेला पाठवलं. त्या क्वार्टरात दुसरंच कुटुंब राहत होतं. शेजारची बाई भांडी घासत होती. म्हणाली, त्यांची बदली झाली, नांदेडकडं कुठंतरी.

"बायको होती का सोबत?" मी विचारलं.

"व्हती की." तिनं हातातलं पातेलं पालथं घातलं. "दुसरी का तिसरी, ते काई मला म्हाईत न्हाई, बाई."

मी घरी येऊन मायला फक्त बदलीचं सांगितलं.