वाघोबाच्या पाहुण्याची गोष्ट
नव्या तांदळाच्या खिरीचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. वाघबारशीला आम्ही पोशीरचे गुराखी रानाच्या कडेला, शेंदूर फासलेल्या वाघोबापुढे खीर ठेवून हाक मारायचो, "ये रं बाबा, खा, पन आमची गुरं सोड." त्या वर्षी रेल्वेचा गोरा साहेब कौतुकानं बघत बसला होता. "वाघ खरंच येतो? कुठून?" त्यानं विचारलं. म्हाताऱ्या भगतानं हरखून करवंदीची जाळी दाखवली, "तितून. आज त्यो आमचा पावना हाय, सायेब." पहाटे बार ऐकून आम्ही धावलो. वाघ खिरीपाशीच मरून पडला होता आणि त्याच्यावर बूट ठेवून साहेब हसत होता, "तुमची गुरं वाचली!" अरे, जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला कुणी मारतं का? आता पूजा माझ्याकडे आहे. खीर ठेवतो, पण त्याला 'ये' कुठल्या तोंडानं म्हणू?