चौघी नव्हे, चौघं: साबांगसाठी मँचेस्टरला

एका कोरियन बँडसाठी मी मँचेस्टरला जाईन, आणि तेही सासूबाईंना सोबत घेऊन, असं कोणी म्हटलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं. पण गेले. आणि चक्क मजेत परत आले.

झालं असं, की ओवी, म्हणजे आमची इथेच लंडनला, हाउन्सलोत जन्मलेली सोळा वर्षांची लेक, साबांग नावाच्या ग्रुपवर जीव ओवाळून टाकते. जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, संपली की त्यांचा शो, हे तिनं आमच्याकडून कधीच वदवून घेतलं होतं. ऐन वेळी नवऱ्याची एअरपोर्टवर शिफ्ट लागली, म्हणून मी. आणि नागपूरहून आलेल्या सासूबाईंना घरात एकटं कसं ठेवायचं, म्हणून त्याही.

माझी काळजी मात्र वेगळीच होती. सासूबाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. ओवीनं तोंड उघडलं रे उघडलं, की यांची दुरुस्ती तयार. "आजी, चहा झाली." "झाला. चहा झाला." "माझा चप्पल कुठे?" "माझी. माझी चप्पल." आल्या तेव्हा पोरगी त्यांच्याभोवती पिंगा घालत होती, हळूहळू तिचं मराठी 'येस', 'नो' आणि 'ओके'वर आलं. सासूबाईंनाही ते लागलं होतं, पण कबूल कोण करणार! मंगळवारी त्यांचं विमान. आजी-नातीचा हा अबोला तसाच ठेवून त्या जाणार, या विचारानं मला धड झोप लागत नव्हती.

शनिवारी सकाळी निघालो. हाउन्सलोहून पिकॅडिली लाइननं ग्रीन पार्क, तिथे लाइन बदलून यूस्टन, आणि तिथून मँचेस्टरची ट्रेन. तुमच्याबरोबर साठीच्या पुढचं कोणी असेल तर सीनियर रेलकार्ड काढाच, पाहुण्यांनाही मिळतं. तिकिटं मात्र आधी काढा. आयत्या वेळचे दर बघितले तर डोळे पांढरे होतात. खाणं स्टेशनवर घेऊ नका. आम्ही तिखट-मिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या आणि मिल्टन कीन्स यायच्या आत डबा निम्मा झाला.

ओवीच्या पिशवीवर साबांगचा फोटो होता. सासूबाईंनी चष्मा पुसून तो नीट बघितला.

"चौघी गोड आहेत गं," त्या म्हणाल्या.

ओवीनं कानातले इअरफोन काढले. "चौघी नाही. वन इज अ बॉय."

"कोणती?"

"हा. लाँग हेअरवाला. बाराम."

"बाई गं! मी तं हिलाच सगळ्यात देखणी समजून राहिली होती."

"ह्याला," ओवी म्हणाली. "देखणा."

सासूबाईंना, त्यांच्या नातीनं, लिंग दुरुस्त करून दिलं होतं! त्यांनी एकदा ओवीकडे बघितलं, एकदा फोटोकडे, आणि मग अशा हसायला लागल्या की समोरचा पेपर वाचणारा माणूसही हसला.

हसू ओसरल्यावर त्यांच्यातल्या शाळेच्या बाई जाग्या झाल्याच. "पण मग चौघी म्हणता येणार नाही. चौघं म्हण. ती चौघं आली, ती चौघं नाचली."

"पण 'ती' तर गर्ल ना?"

"ही 'ती' वेगळी. मुलगे-मुली एकत्र असले की मराठीत नपुंसकलिंग. तीन मुलींत एक मुलगा आला, तरी चौघं."

"फक्त एक आला तरी?" ओवी ताठ बसली. "आजी, कोरियामध्ये सेव्हन इयर्स हेच भांडण आहे!"

आणि मग जी काय गाडी सुटली! मी आपली खिडकीबाहेर मेंढ्या बघत ऐकत होते. साबांग म्हणजे चार दिशा. चौघं एकत्र नाचायला शिकली, एकाच कंपनीनं त्यांना उभं केलं. पण पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा प्रश्न एकच, हा मुलींचा ग्रुप की मुलांचा? बक्षिसं द्यायची तर मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं, ह्यांना बसवायचं कुठे? बारामवर फिदा असलेल्या पोरी त्या तिघींना नेटवर नाही नाही ते बोलायच्या. कंपनी म्हणाली, मुलाला काढा, तिघी चालतील. तिघी म्हणाल्या, मग आम्हीही जातो. करार संपला तेव्हा मोठे शो गेले, टीव्ही गेला. चौघांनी स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं आणि जिथे कोणी बोलावेल तिथे जायला लागली. घरी विचारेना कोणी, पण ब्राझीलमध्ये, पोलंडमध्ये, मँचेस्टरमध्ये माणसं तिकिटं काढून येत होती.

हे सगळं ओवी सांगत होती ते असं: "मग कंपनी म्हणाला, आणि ती चौघं खूप रडला." सासूबाईंचे ओठ दर वाक्याला हलायचे. पण गोष्टच अशी रंगली होती की त्या मध्येच म्हणायच्या, "मग? मग काय केलं त्यांनी?" स्टॉकपोर्टपर्यंत 'कंपनी म्हणाला' तसाच चालला.

मँचेस्टरला पाऊस होता. आम्ही स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात बॅगा टाकल्या आणि हॉलवर गेलो. ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर वरच्या मजल्यावरच्या खुर्च्याच घ्या, खाली सगळं उभ्यानं असतं. मोठ्या पर्स आत घेत नाहीत. आणि कानात घालायला बोळे न्या. मी नेले नव्हते.

ती चौघं स्टेजवर आली आणि हॉल दणाणला. सासूबाईंच्या हातात ओवीनं आपली दिव्याची कांडी दिली, ती त्या आरतीच्या तबकासारखी गोल फिरवत होत्या. मी अडवलं नाही. नाच मला मनापासून आवडला. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. बाराम कधी मध्ये, कधी कडेला.

शेवटच्या गाण्याआधी बारामनं माईक घेतला. दुभाषी मुलगी इंग्रजीत सांगत होती, पण त्या कल्लोळात सासूबाईंना कळेना. ओवीच्या गालांवरून पाणी चाललं होतं.

"काय म्हणून राहिला गं तो?"

"तो आर्मीमध्ये जाणार, आजी. तिकडे जावंच लागतं, मुलांना. म्हणून हा लास्ट शो. त्या तिघी म्हणाल्या, तिघींचा शो करणार नाही. थांबणार. तो आला की चौघं."

सासूबाईंनी कांडी खाली ठेवली आणि नातीला जवळ ओढलं. मलाही हुंदका आला, सांगायला लाज कसली!

रविवारी दुपारी एका कोरियन खाणावळीत गेलो. तांदळाच्या पिठाच्या जाड कांड्या लालभडक रश्श्यात येतात. मासे नको असतील तर आधीच सांगा. सासूबाईंनी एक तोंडात टाकली. "ही तं आपली वरणफळंच. फक्त मिरची ह्यांनी बेतानंच टाकली." ओवीचे कान लाल झाले होते आणि ती पाण्याचा तिसरा ग्लास संपवत होती. परतीच्या ट्रेनमध्ये दोघी एकमेकींवर रेलून झोपल्या.

तुम्हाला कोरियन गाणी कळोत न कळोत, जमलं तर असा एक शो बघाच. मी त्यांच्या गाण्यातला एकही शब्द सांगू शकणार नाही. पण सात वर्षं सगळं जग 'एकाला काढा' म्हणत असताना ती चौघं एकत्र राहिली, हे मला पुरलं. घरी आल्यापासून भांडी घासताना त्यांचंच गाणं लावते.

सोमवारी संध्याकाळी धुतलेले कपडे घेऊन मी वर गेले, तर सासूबाईंची बॅग भरणं चाललं होतं. झाकण लागावं म्हणून ओवी बॅगेवर बसली होती. मी दाराबाहेरच थबकले.

"आजी," ती म्हणाली, "तू गेला की मी मराठी कोणाशी बोलू?"

'गेला' नव्हे, 'गेलीस'. मी दुरुस्तीची वाट बघत राहिले.

"माझ्याशीच बोल, बेटा," सासूबाई म्हणाल्या. "रोज फोन कर. जसं येईल तसं बोल."