बावन्नपैकी पहिलं पत्र

वाट बघणं ही जर कला असेल, तर ती या पृथ्वीतलावर एकाच व्यक्तीला पुरती साधली आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे माझ्या बायकोची आत्या. अशा बाईनं जन्म घ्यावा तो नेमका कोल्हापुरात, हा दैवाचा विनोद. आमच्या गावात धीर हा प्रकार कुणाकडंच नाही. राजारामपुरीतल्या दवाखान्यात नंबर लावून माणूस बाकावर टेकतो न टेकतो तोच कंपाउंडरला विचारतो, ‘‘व्हय, डॉक्टर आत झोपलं का काय?’’ सिग्नल लाल असला की मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून त्याला हिरवा करू बघतो. अशा गावात आत्या राहतात, आणि गेली दहा-बारा वर्षं लोकांच्या कॉम्प्युटरवर अडकून पडलेल्या ई-मेल सोडवून देतात. वय सत्तरीला टेकलेलं, नऊवारीची सवय सुटून पाचवारीवर आलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि खांद्याच्या पिशवीत लोकरीनं विणलेल्या खोळीत स्वतःचा माउस. दुसऱ्याच्या माउसला त्या हात लावत नाहीत. ‘‘दुसऱ्याच्या चपला आपन घालतो का?’’ असं त्यांचं म्हणणं.

आत्यांच्या या धीराचं मूळ टेलिफोन खात्यात आहे. तिथं त्यांनी उमेदीची सगळी वर्षं ट्रंक कॉल जोडण्यात घालवली. कुणाचं बाळंतपण, कुणाचा बाप अत्यवस्थ, कुणाची नोकरी पक्की झालेली, अशा सगळ्या माणसांना कानाला लावून ‘‘थांबा, लाइन लागतीय’’ म्हणत त्या बसल्या. पुढं एक्स्चेंज आपोआप चालू लागलं, आत्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत पाठवलं, आणि बरोबरीच्या बायका तिथं रडकुंडीला आल्या असताना या मात्र रमल्या. त्यांचं म्हणणं, लाइन तीच, फक्त आता माणसं मुकी झाली आणि लिहायला लागली. म्हणूनच की काय, ई-मेलला त्या कधी ई-मेल म्हणत नाहीत. पत्र म्हणतात. आणि कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखं स्वतःविषयी बोलतात ते ‘मी आलो, मी बघतो’ असं. पुण्याहून आलेल्या माझ्या एका मित्रानं फोनवर त्यांचं ‘‘बसा, मी बघतो’’ ऐकून ‘‘आत्यांचे मिस्टर फार मदत करतात हो’’ असं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. मिस्टरांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

त्यांची पद्धत म्हणाल तर पहिली पंधरा मिनिटं त्या काहीही करत नाहीत. खुर्ची ओढून बसतात, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात आणि पडद्याकडं नुसत्या बघत राहतात. एका क्लासवाल्या सरांना हे सहन होईना. ‘मेल मिळवा’ या बटणावर ते दणादण बोट मारत सुटले. आत्यांनी त्यांचा हात अलगद बाजूला केला. म्हणाल्या, ‘‘सर, पोरगं गणित सोडवत असताना तुमी दर मिनिटाला त्येच्या डोक्यात टपली मारता का?’’ सर म्हणाले, ‘‘मारतो की.’’ ‘‘म्हणून पोरं नापास हुत्यात,’’ आत्या म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याकडं बघू लागल्या.

त्यांना राग येतो तो एकाच गोष्टीचा, इनबॉक्समध्ये सगळं कोंबून ठेवण्याचा. दाताच्या एका डॉक्टरांचा मेलचा प्रोग्रॅम उघडायलाच चहा पिऊन होईल एवढा वेळ लागायचा. आत बघतात तर प्रॅक्टिस सुरू केल्यापासूनचं एकूण एक पत्र त्याच एका कप्प्यात. आत्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, ही पत्रपेटी न्हवं, माळा हाय. मोडका पाळणा तेवढा दिसंना.’’ डॉक्टर म्हणाले, राहू दे हो, कधीतरी लागतं. आत्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘‘पेशंट म्हणला, किडलेला दात राहू दे, कधीतरी लागंल, तर तुमी काय सांगता?’’ त्या डॉक्टरांना सलग तीन दुपारी शेजारी बसवून त्यांनी वर्षावार कप्पे करायला लावले. डॉक्टर आजही सांगतात की इतकं निमूट ते शाळेतसुद्धा बसले नव्हते.

पण आत्या म्हणजे काय चीज आहे हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते आमच्या फौंड्रीत. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात काम करतो. आम्ही लोखंड वितळवून पंपाच्या बॉड्या ओततो. एकदा सुट्टीनंतरच्या सकाळी मी ऑफिसात पोचतोय तोच गिऱ्हाइकाच्या साहेबांचा फोन आला. ‘‘नवीन ड्रॉइंग मेल केलंय. एका भोकाची जागा बदललीय. ते बघितल्याशिवाय ओतू नका,’’ एवढं सांगून ते विमानात बसले आणि फोन बंद झाला. इकडं साचे तयार, भट्टीत माल चढवलेला, दुपारी ओतायचं ठरलेलं, आणि माल दुसऱ्या दिवशी गाडीत भरून द्यायचा शब्द दिलेला. जुन्या ड्रॉइंगवर ओतलं असतं तर सगळं भंगारात. आणि मेलचा प्रोग्रॅम काय करत होता? तळाला ‘बावन्नपैकी पहिला संदेश येत आहे’ असं दाखवायचा, हिरवी पट्टी जरा पुढं सरकायची, थांबायची, तुटायची, आणि पुन्हा ‘बावन्नपैकी पहिला’. दोन तास आम्ही तोच पहिला संदेश बघत होतो. दुसऱ्या वाटेनं पत्रपेटी उघडावी तर पासवर्ड कुणाला ठाऊक नाही. तो घालून देणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला. आमचे मालक मनानं सोन्यासारखे, पण आवाज भट्टीच्या ब्लोअरसारखा. ते येरझाऱ्या घालत ओरडत होते, ‘‘उचला त्यो कॉम्प्युटर आन् टाका भट्टीत!’’

मी आत्यांना फोन केला. जावई म्हणून त्या मला ‘पावणं’ म्हणतात. म्हणाल्या, ‘‘पावणं, काय दाबू नका. मी आलो.’’ मी म्हटलं गाडी पाठवतो. तर म्हणे बस आहे की. अशा प्रसंगी कुणी बसनं येतं? आत्या आल्या. बसनं, दोनदा बस बदलून, पाऊण तासानं, पिशवी सांभाळत. मालकांनी दारातच सुरुवात केली, ‘‘बाई, चार वाजता माल ओतायचाय, लवकर बघा!’’ आत्यांनी खुर्ची ओढली, घड्याळ काढून ठेवलं आणि बघत बसल्या. एक पट्टी तुटली. दुसरी तुटली. तिसरी तुटली. मालकांचा चेहरा लोखंडासारखा तापत गेला. ‘‘बाई, नुसतं काय बघताय?’’

‘‘मोजतोय,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘तिन्ही येळेला बरोब्बर तेवढ्याच मिनिटांनी तुटलं. यंत्र बिघडलं असतं तर कसंबी तुटलं असतं. हितं कुनीतरी घड्याळ लावून बसलंय.’’

मग त्यांनी आम्हाला जे समजावलं ते मी आजही कुणालाही समजावू शकतो, इतकं ते सोपं होतं. रांगेत सगळ्यात पुढं एक भलंमोठं पत्र उभं होतं. ते आत घेताना अँटिव्हायरस दारातच त्याची झडती घ्यायचा, आणि पत्र मोठं म्हणून झडतीही लांबायची. आमच्या प्रोग्रॅमला वाट बघायची मुदत घालून दिलेली होती, अगदी थोडी. ती संपली की तो लाइन सोडून द्यायचा आणि परत पहिल्यापासून सुरुवात. मागची एक्कावन्न पत्रं बिचारी त्या एकाच्या पाठीमागं ताटकळत उभी. त्यात ऑफिसातले पाचही कॉम्प्युटर त्याच पत्रपेटीत दर मिनिटाला हात घालत होते. ‘‘एका हंड्याला पाच जनांनी एकदम तांब्या लावला तर पानी कुनाला मिळनार?’’ त्यांनी चार कॉम्प्युटरचं आपोआप मेल तपासणं बंद करायला लावलं. मग पाचव्याला सांगितलं, की अमुक आकारापेक्षा मोठं पत्र असेल तर त्याचा नुसता मथळा आण, पत्र तिथंच राहू दे. आणि स्वतःच्या माउसनं बटण दाबलं, एकदाच.

हिरवी पट्टी सरसर पुढं गेली. दोन, सात, एकोणीस... सगळं ऑफिस मोजत होतं, क्रिकेटच्या धावा मोजाव्यात तसं. एकतिसावं पत्र ड्रॉइंगचं होतं. मालक ते छापून घेऊन स्वतः साच्यांकडं पळाले. भोक बोटभर सरकलेलं होतं. कोअर, म्हणजे भोकासाठी साच्यात बसवलेला वाळूचा गाभा, बदलायला दोन तास लागले आणि चारचं ओतणं पाचला झालं, पण झालं. एकही नग भंगारात गेला नाही.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. मालक घाम पुसत परत आले. आत्या अजून तिथंच बसलेल्या. ते म्हणाले, ‘‘बाई, तुमी देवासारख्या आलासा. आता ते पयलं मोठं धेंड तेवढं उडवून टाका.’’

‘‘न्हाय,’’ आत्या म्हणाल्या.

‘‘का न्हाय? जाहिरात आसंल कुठलीतरी.’’

‘‘आसंल. न्हाईतर नसंल. कुनीतरी कुनालातरी पाठवलंय. न वाचता पत्र फाडायची सवय मला न्हाय.’’

त्यांनी प्रोग्रॅमची वाट बघायची मुदत शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली, अँटिव्हायरसला झडती दारात न घेता पत्र आत आल्यावर घ्यायला सांगितलं, आणि ते एकटं पत्र मागवलं. मग पुन्हा बघत बसल्या. पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. आत्यांना घाई नव्हती. मधे चहा आला, तो त्यांनी बशीत ओतून घेतला. पाऊण तासानं पत्र उतरलं. मथळ्यावरचं नाव बघून मालकांनी शेजारची खुर्ची ओढली.

पत्र अण्णांचं होतं. अण्णा म्हणजे आमचे जुने फोरमन. मालकांच्या वडलांच्या वेळेपासून भट्टीवर असलेले. दोन वर्षांपूर्वी मालकांचं आणि त्यांचं कशावरून तरी मोठ्या आवाजात वाजलं, आणि अण्णा डबा उचलून गगनबावड्याला आपल्या गावी निघून गेले ते गेलेच. निरोप नाही, फोन नाही. मालकांनीही केला नाही. आवाज मोठा असला की माघारी फिरणं अवघड जातं. पत्रात चार ओळी होत्या आणि खाली फोटोंची रास. नातवाकडून काढून घेतलेले, अण्णांच्या वह्यांच्या पानापानाचे फोटो. तीस वर्षांत कुठल्या नगाला कुठं फुगा आला, कुठं तडा गेला आणि त्यावर काय केलं, ते सगळं त्यांच्या सुवाच्य अक्षरात तारीखवार. मालक वाचू लागले आणि दुसऱ्या ओळीला थांबले. मग आत्यांनीच मोठ्यानं वाचलं. ‘‘हिकडं पावसानं वह्या बुरसायला लागल्यात. फेकून द्यायला हात हुईना. तुमच्या कामाच्या हायत म्हणून पाठवतोय. राग आसला तर वाचू नका, पन ठेवा.’’

मालक बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं, लिंबाखाली उभं राहून त्यांनी फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज आत ऐकू आला नाही. पुढच्या आठवड्यात अण्णा स्वतः आले, वह्यांचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून. आता महिन्यातून दोनदा येतात, भट्टीजवळ खुर्ची टाकून बसतात आणि मालकांशी पूर्वीसारखेच भांडतात.

त्या दिवशी संध्याकाळी मी आत्यांना गाडीवरून घरी सोडलं. माझं कौतुक काही थांबेना. त्या मागून एवढंच म्हणाल्या, ‘‘पावणं, रस्त्याकडं बघा.’’

हल्ली त्यांना कुणी फारसं बोलवत नाही. लोकांचं सगळं मोबाइलवर आलं, आमच्या ऑफिसातसुद्धा मेलचा तो प्रोग्रॅम गेला. मधे त्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून भेटायला गेलो. डोळ्यावर काळा चष्मा लावून त्या टेबलाशी बसलेल्या, समोर स्वतःचा जुना कॉम्प्युटर. मी गेल्यावर त्यांनी सवयीनं पत्रं मागवली. एका सेकंदात पडद्यावर आलं, नवीन संदेश नाही. मी म्हटलं, ‘‘आत्या, काय वेग आहे तुमच्या मशीनचा!’’

त्या हसल्या. ‘‘कोन पाठवतंय म्हणून येळ लागंल?’’ एवढं म्हणून त्या माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या.

घरी आल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. विचारायचं काहीच नव्हतं. फौंड्रीत काय चाललंय, अण्णा कशावरून भांडले, माझ्या मुलीनं शाळेत काय पराक्रम केला, असं आठवेल ते लिहीत गेलो. तीन पानं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. ‘‘चि. पावण्यांस आशीर्वाद. डोळ्याला ताण देऊ नका म्हणून डॉक्टरनी सांगितलंय, म्हणून काल अर्धं वाचलं. उरलेलं आज दुपारी वाचणार हाय.’’